हा हात कोड्यात नाही

वडगावच्या मागल्या गल्लीत सहा माग चालायचे
ती शेड मी अकरा महिन्यांच्या करारावर घेतली.
माग भंगारात गेलेले. जमिनीत उरले होते
फक्त त्यांच्या पायांचे बोल्ट.
खेळणारे अडखळू नयेत म्हणून
ईरण्णा सुताराने वर फळ्या ठोकल्या.

साठ मिनिटांत सुटायचं असतं इथून.
चार आकडी कुलूप, एक खोटी भिंत,
कंडक्टरची जुनी पेटी
आणि हातात अतिनील टॉर्च.
स्वस्तातली घेऊ नये,
तीनशे पंच्याण्णववाली नुसता जांभळा चिखल करते.
तीनशे पासष्टची जवळजवळ दिसतच नाही,
पण जिथं पडते तिथलं उठून बसतं.

शाई कुरिअरने आली, पाण्यासारखी.
लिहिताना काय लिहितोय ते आपल्यालाच दिसत नाही,
म्हणून ब्रश हातात आणि टॉर्च दातांत.

पहिलं कोडं सिटी बसच्या पाटीचं. आकडे कन्नड.
दोन दोन्हीकडे सारखाच,
तीनही लांबून ओळखू येतो,
पण एक म्हणजे तोंड उघडं राहिलेलं शून्य.
पुण्याची टीम तिथं अकरा मिनिटं बसली.
खानापूरच्या दोन पोरी, जन्मभर
स्टँडवर हेच आकडे बघून धावलेल्या,
आत आल्या, वाचलं, कुलूप काढलं
आणि म्हणाल्या, कोडं कुठंय?
ते कोडं मी बदललेलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री सगळ्या ट्यूब बंद केल्या.
ईरण्णाचं टिनोपाल मारलेलं बनियन
प्रचाराला निघालेल्या उमेदवारासारखं लखलखलं.
हसता हसता टॉर्च भिंतीकडे वळली
आणि तिथं, खिळ्याच्या शेजारी, एक पंजा.

मी काढलेला नव्हता.
निळसर पांढरा, बोटांवर बोटं चढलेली,
एकदा नाही, शेकडो वेळा
नेमका तिथंच टेकलेला.

आमच्या धंद्यात एकच पक्का नियम:
जे चमकतं ते कोडं.
जे कोडं नाही त्यानं चमकू नये,
नाहीतर लोक त्याच्यापुढं अर्धा तास वाया घालवतात
आणि बाहेर येऊन पैसे परत मागतात.

रुक्मव्वा लाइट बिलाचं विचारायला आली होती.
दारातूनच म्हणाली, काय बघूलीस गे अंधारात?
मग आत आली. चष्मा पुसला.
'ह्यो गंगाप्पाचा. डावा बघ की.
पांढऱ्या ताण्याच्या खळीत टिनोपाल घालायचो आम्ही,
हात भरायचे सगळ्यांचे.
त्याला दमा. पाण्याला निघाला की
हितं टेकायचा, मग पुढं जायचा.'
एवढं बोलून तिनं विचारलं, बिल किती आलं?

डिस्टेंपरचा डबा उघडाच होता.
रंगाचा एक हात मारला असता की संपलं असतं.
हातावर हात.
ईरण्णा माझ्याकडं बघत होता, मी डब्याकडं.
झाकण त्यानंच दाबून बसवलं.

फळ्यावर सहा नियम होते, मी सातवा वाढवला:
भिंतीवरचा हात कोड्यात नाही.
खाली तेच कन्नडमध्ये लिही म्हटलं.
त्याची ओळ माझ्या निम्मी झाली.
अक्षर लावत लावत वाचली मी,
तर त्यात कोडं हा शब्दच नाही.
नुसतं: हा गंगाप्पाचा हात.

आता रोज बाहेर बसून कॅमेऱ्यात बघते.
घड्याळ पळत असतं, कुलूप अर्धं लागलेलं,
सगळे एकमेकांवर ओरडत असतात,
आणि टीममधला एक कुणीतरी
सातवा नियम वाचूनसुद्धा भिंतीपाशी जातो,
हात ठेवून बघतो.
बहुतेकांचा आधी उजवा.
मग, जरा थांबून, डावा.